पन्नास ठोक्यांची वीज

परवा दुपारी पंखा मंदावला. बंद नाही पडला, नुसता दमला. पाती वेगवेगळी दिसू लागली, वारा अंगापर्यंत येईना. सून म्हणाली, "बाबा, व्होल्टेज डाऊन आहे," आणि तिनं खिडकीला ओला पंचा बांधला. मी मात्र त्या पात्यांकडं बघत पडून राहिलो. बाहेर सोलापूरचं एप्रिलचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. लोकांना उन्हाळा आला की आंबे आठवतात, आजोळ आठवतं. मला हेवा आठवतो. एका उन्हाळ्यात तो माझ्या पोटात जसा जळला, तसा त्याआधी कधी जळला नव्हता.

सत्तरचं दशक होतं. सात रस्त्याच्या चौकाजवळ, शिंप्याच्या दुकानाला लागून सहा फुटांची एक जागा होती, तिथं मी रेडिओ दुरुस्त करायचो. मोहोळ तालुक्यातून आलेलो, पोस्टानं येणाऱ्या धड्यांवर रेडिओचं काम शिकलेलो. अठ्ठावीस वर्षांचा होतो. दिवसभर राळेचा धूर नाकात आणि उघड्या रेडिओंचे सांगाडे समोर. गावाकडं वडील सांगत सुटायचे, "आमचा दत्ता डब्यातल्या मान्सांला बोलतं करतोय." मला ते आवडायचं. त्याहून आवडायचं ते गंगाक्कांनी चारचौघांत सांगितलेलं: "हा आमचा इंजिनिअर."

गंगाक्का गाणं शिकवायच्या. तळ्याच्या बाजूला एका गल्लीत माडीवर त्यांच्या दोन खोल्या. साठी उलटलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, इरकली साडी, आणि बोलण्यात कन्नड-मराठी असं कालवलेलं की कुठली भाषा कुठं संपली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धारवाडच्या भाच्यानं त्यांना एक रेकॉर्ड प्लेअर आणून दिला होता. त्या मशीनची देखभाल माझ्याकडं. महिन्यातून एकदा मी जायचो, सुई बघायचो, तेलाचा थेंब सोडायचो. त्या मला मोठ्या पितळी फुलपात्रातून ताक द्यायच्या आणि दत्तू म्हणायच्या. दत्तू मला आईनंतर कुणी म्हटलं नव्हतं.

त्या मशीनवर प्रामुख्यानं एकच रेकॉर्ड लागायची. गाणारी बाई अक्कांची गुरुभगिनी होती. दोघी पोरवयात विजापूरला एकाच गुरूंकडं शिकल्या. अक्कांचं लग्न झालं आणि गाणं वीस वर्षं चुलीमागं गेलं. ती दुसरी, अक्का तिला शकू म्हणायच्या, तिनं लग्नच केलं नाही. तिचं मोठं नाव झालं, तिच्या मैफली झाल्या, लांबलांबून बोलावणी आली, आणि ही काळी चकचकीत रेकॉर्ड निघाली. कव्हरवर तिचा फोटो होता. अक्का रेकॉर्ड काढताना तो फोटो नेहमी पालथा ठेवायच्या. मला वाटायचं, धूळ बसू नये म्हणून.

रेकॉर्डच्या एका बाजूला मुलतानी राग होता. गुरूंची स्वतःची बंदिश, त्यांनी फक्त या दोघींना दिलेली. त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी विजापूरला गुरूंच्या पुण्यतिथीला अक्कांनी गावं असं बोलावणं आलं होतं. शकूही येणार होती. अक्कांना बंदिशीचा अंतरा नीट आठवत नव्हता, एकदोन वळणं निसटली होती. म्हणून रोज उतरत्या उन्हात, पाचच्या सुमाराला, त्या रेकॉर्ड लावायच्या आणि तिच्याबरोबर गायच्या.

मार्च संपताना त्यांनी मला बोलावणं धाडलं. "दत्तू, ही खाली उतरतीय बघ. स्वर पडतोय."

मी मशीन उघडलं. रबरी चाक बदललं, स्पिरिटनं पुसलं, पट्टे साफ केले. दोन दिवसांनी पुन्हा बोलावणं. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सोबत रेघांची चकती नेली. ही कागदाची चकती फिरत्या तबकडीवर ठेवायची आणि ट्यूबलाइटच्या उजेडात बघायची. ट्यूबलाइट डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं लुकलुकत असते. वेग बरोबर असला तर चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. रेघा उभ्या होत्या. खिळ्यानं ठोकल्यासारख्या.

"बगा अक्का," मी म्हणालो, "मशीन एकदम बरोबर हाय. आता वय झालं की कान जरा..."

पुढचं मी बोललो नाही, पण जेवढं बोललो तेवढं पुरे होतं. अक्कांनी गाण्याची पेटी पुढं ओढली, एक पट्टी दाबली. "ही काळी चार. शकूचा षड्ज." मग शेजारची दाबली. "ही पांढरी पाच. आणि ती बघ कुठं लोंबकळतीय. धड हिच्यावर नाही, धड तिच्यावर नाही. अय्यो, शकू आयुष्यात कधी लोंबकळली नाही रे."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला काहीएक फरक ऐकू आला नव्हता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुराचा कान नव्हता, हे मी तोवर कुणालाही कळू दिलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर श्रीनिवास आला.

त्याची भाची अक्कांकडं शिकायला येऊ लागली होती आणि तिला न्यायला तो आला होता. शहराच्या पूर्व भागातला, विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात कामाला होता. सडपातळ, केसांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले, बोटं लांब. तो दारातच उभा राहून आमचं ऐकत होता. भाचीनं चप्पल घातली तरी हलला नाही.

"मला गाण्यातलं काय कळत नाही," तो म्हणाला. "पण अक्का म्हणतात तर उतरतच असणार की. त्या कशाला खोटं बोलतील?"

इतकं साधं वाक्य. मला ते सुचलं नव्हतं.

त्यानं परवानगी घेऊन रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर खडूचा ठिपका काढला. "दत्ताभाऊ, तुमचं घड्याळ द्या जरा." मी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. तीन मिनिटांत तबकडीच्या शंभर फेऱ्या व्हायला पाहिजेत, हे मलाही ठाऊक होतं. तो ठिपका मोजत बसला. खोलीत फक्त शकूचा आवाज आणि याचे पुटपुटणारे ओठ. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा शहाण्णव.

"पण रेघा तर उभ्या हायत," मी म्हणालो.

"उभ्याच राहणार की," तो म्हणाला. माझ्याकडं बघत नव्हता, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. "वीज सेकंदाला पन्नास ठोके देते. सध्या टंचाई आहे, पन्नासचे अठ्ठेचाळीस झालेत. आमच्या गिरणीत तक्त्यावर काटा दिसतो रोज. मोटर त्या ठोक्यांवरच चालते, ती हळू झाली. आणि ट्यूबलाइट पण त्याच विजेवर, ती पण हळू लुकलुकते. दोघं मिळून चुकतात, म्हणून बरोबर दिसतात."

मी घड्याळ परत बांधलं. बक्कल दोनदा सुटलं.

अक्का मात्र पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, आता माझ्यावर रागावतील, कानाचं बोललो म्हणून. त्या हसल्या. "चाळीस वर्षं मी देवाजवळ एकच मागणं मागितलं," त्या म्हणाल्या. "शकूचा स्वर एकदा तरी पडू दे. एकदाच. आणि पडला तेव्हा बघा, पाडला विजेनं." मग हसू विरलं. "असलं नको बाबांनो मला. ती तिच्या जागेवर पाहिजे. ती तिथं नसेल तर मी कुणाला धरून चालू?"

कव्हर पालथं का ठेवायच्या ते मला तेव्हा कळलं.

श्रीनिवासनं सांगितलं, उपाय आहे. सरकारची वीज आली की आधी तिचे ठोके काढून ती सरळ करायची, मग आपल्या मापानं तिला पुन्हा पन्नास ठोके द्यायचे आणि फक्त या मोटरला पाजायची. त्यासाठी एक पेटी बनवावी लागेल. विकत मिळत नाही. "मी बनवतो," तो म्हणाला. "दत्ताभाऊंनी मदत केली तर."

मला मदतनीस केलं. माझ्याच मशीनच्या कामात, माझ्या अक्कांच्या घरात.

त्या एप्रिलच्या दुपारी मला अजून अंगावर येतात. पत्र्याच्या छपरांवरून उठणारी झळ, गिरणीचा भोंगा, पाणपोईच्या रांजणाचा वास. पहिल्या पाळीवरून सुटला की श्रीनिवास सायकल मारत यायचा. त्याचं काम बघणं म्हणजे मला शिक्षा होती. जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या त्यानं भंगारातून आणल्या, रॉकेलमध्ये भिजवल्या, एकेक घासून वर्तमानपत्रावर वाळत घातल्या. नवा ट्रान्सफॉर्मर तो घरी गुंडाळणार होता, मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या रहाटावर. सर्किट त्यानं शाळेच्या वहीत काढलं होतं, खोडाखोड न करता. मी पोस्टानं शिकलो होतो, तो नुसतं बघून शिकला होता. माझ्या हाताला काम कळायचं. त्याच्या हाताला वस्तू कळायची. हा फरक तिसऱ्या माणसाला दिसला नसता. मला दिवसभर दिसायचा.

त्याला दोन पॉवर ट्रान्झिस्टर हवे होते. मी दुकानातून दिले. चांगलेच दिले. वाईट द्यायचं मनात आलं होतं, पण तेवढाही धीर झाला नाही. ते ट्रान्झिस्टर तापतात म्हणून त्यांना जाड पत्रा लागतो. अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि जुनी अल्युमिनियमची परात घेऊन आल्या. "हिच्यात माझ्या लग्नातल्या भाकऱ्यांचं पीठ मळलंय. कापा." आणि त्यानं खरोखर कापली. भाकरीची परात कापून देण्याइतकं अक्कांनी मला कधी काय दिलं होतं? मग एक दिवस त्यांनी त्याला श्रीनू म्हणून हाक मारली. त्या दिवशी ताक मला आंबट लागलं. मी अर्धं ठेवलं. अक्कांच्या ते लक्षातही आलं नाही, त्या त्याच्या फुलपात्रात दुसऱ्यांदा ओतत होत्या.

बायको विचारायची, "तुमी अलीकडं जेवताना बोलत का न्हाई?" काय सांगणार? एका विणकराच्या पोराची बोटं मला जेवू देत नाहीत, असं?

एप्रिलच्या शेवटी पेटी तयार झाली. सागवानी फळीवर बसवलेली, मागं परातीचा पत्रा, त्यावर दोन ट्रान्झिस्टर. झाकण लावायच्या आधी श्रीनिवासनं ती माझ्यासमोर फिरवून धरली. "बघा दत्ताभाऊ, काय राहिलंय का."

मी पाहिलं. ट्रान्झिस्टर आणि पत्रा एकमेकांना चिकटून चालत नाहीत, मध्ये अभ्रकाची पातळ चकती लागते, नाहीतर वीज भलत्या वाटेनं पळते. उजव्या ट्रान्झिस्टरखालच्या अभ्रकाला एक चीर होती. केसाएवढी, स्क्रूच्या अगदी शेजारी. ती मला दिसली. माझी नजर तिथं थांबली. आणि मी म्हणालो, "झकास हाय की."

आजवर आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन. त्या तीन शब्दांइतकं सहज कुठलंच आलं नाही.

पाच वाजता अक्का तानपुरा घेऊन बसल्या. श्रीनिवासनं बटण दाबलं. बारीक गुणगुण झाली, तबकडी फिरू लागली, त्यानं घड्याळ लावून वेग जुळवला आणि सुई ठेवली. शकूचा षड्ज आला. अक्कांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ओळखीचं माणूस दारात उभं राहिल्यावर होतो तसा झाला. त्या तिच्याबरोबर गाऊ लागल्या. दोन मिनिटं, अडीच मिनिटं. परातीचा पत्रा तापत होता. मला माहीत होतं, तापला की पसरेल, आणि मी त्या चिरेकडं बघत बसलो होतो.

मग पेटी एकदम घुर्रर्र करून गुरगुरली. जळक्या वार्निशाचा वास आला, धूर आला. मोटरची ताकद गेली आणि तबकडी मंदावत चालली. शकूचा आवाज उतरत, उतरत, विहिरीत बादली सोडावी तसा खाली खाली गेला आणि शेवटी एखाद्या आजारी पुरुषानं कण्हावं तसं काहीतरी उरलं.

"साकु! साकु! पुरे, बंद करा ते!" घाबरल्या की अक्कांना आधी कन्नड सुचायचं. त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले.

श्रीनिवासनं वायर ओढली. हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता. आठ दिवसांचं काम. तो उकिडवा बसून त्याला बोट लावून बघत होता, भाजत असूनही. भाची कोपऱ्यात रडवेली झाली होती. मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं. वाईट वाटून घेऊ नका."

माझा आनंद गल्लीच्या तोंडापर्यंत टिकला. तिथून पुढं नाही. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. मला त्याचा चेहरा आठवत नव्हता, अक्कांचे कानांवर दाबलेले हात आठवत होते. विजापूरला जायला जेमतेम महिना उरला होता. मी त्याला पाडायला गेलो आणि पडल्या त्या अक्का.

तीन दिवस मी दुकानात नुसता बसलो. गिऱ्हाइकाच्या रेडिओत वायर उलटी जोडली. चौथ्या दिवशी भर दुपारी शटर ओढलं आणि पूर्व भागात त्याचं घर शोधत गेलो. गल्लीभर मागांची खटखट, दोऱ्याला लावलेल्या खळीचा वास, दारादारांत रंगीत सुताच्या लडी. त्याच्या घरात रहाट फिरत होता. तांब्याची तार गुंडाळली जात होती. तो दुसरा ट्रान्सफॉर्मर करायला बसला होता. शेजारी त्याची आई, अम्मा, तेलुगूत फेरे मोजत होती. "ओकटी, रेंडु, मूडु..." शंभर झाले की एक चिंचोका बाजूला ठेवायची. सात चिंचोके झाले होते.

"माझंच चुकलं," मला बघून तो म्हणाला. "अभ्रकाला चीर गेली होती. आता खोलून बघितल्यावर दिसली."

"मला आधीच दिसली हुती," मी म्हणालो.

रहाट थांबला. अम्मा मोजता मोजता गप्प झाली, पण आकडा तिनं बोटावर धरून ठेवला.

"त्या दिवशी तुमी पेटी दाखवली तवाच दिसली. मी बोललो न्हाय. मुद्दाम."

त्यानं हातातली तार सुटू नये म्हणून रहाटाच्या खुंटीला अडकवली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग हळू म्हणाला, "तुमची नजर तिथं थांबली, ते मी बघितलं होतं. मला वाटलं, काम आवडलं. एवढे दिवस तुम्ही काहीच म्हणाला नव्हता ना. दत्ताभाऊ एवढं निरखून बघतात म्हणजे चांगलं झालं असणार, असं वाटलं."

मागांची खटखट थांबत नव्हती. एवढे दिवस मी त्याच्या हातांकडं बघत जळत होतो आणि तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला होता.

"का पण?" त्यानं विचारलं.

"तुमचं काम लई चांगलं हाय म्हणून," मी म्हणालो. त्याहून खरं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

त्यानं तारेचं रीळ माझ्याकडं सरकवलं. "धरा. सैल सोडू नका, ताणूही नका." मी मांडी घालून बसलो. अम्मानं बोटावरचा आकडा उचलला आणि मोजणं पुढं सुरू झालं. त्यानं मला माफ केलं की नाही, हे मी त्या दिवशी विचारलं नाही, पुढंही नाही.

दुसरी पेटी आम्ही दोघांनी मिळून केली. जोडकाम माझं चांगलं होतं, सोल्डरचे डाग चमकदार आणि गोल यायचे. ते सगळे त्यानं माझ्याकडं दिले. अभ्रक मी चार दुकानं फिरून जाड आणलं. आम्ही फार बोलत नव्हतो. अक्कांना त्यानं काही सांगितलं नाही. सांगायचं मी होतं, आणि मीही सांगितलं नाही. अक्का गेल्या तरी त्यांना कळलं नाही. ते माझ्याकडं राहिलंय.

पेटी चालली. मे महिन्यातले उरलेले सगळे दिवस पाचच्या ठोक्याला शकू काळी चारवर उभी राहायची आणि अक्का तिच्या शेजारी. निसटलेली वळणं एकेक करून सापडली. एक तर सबंध आठवडाभर सापडेना. सापडलं त्या दिवशी अक्कांनी माडीवरून ओरडून खालच्या दुकानदाराला पेढे आणायला सांगितलं. तो बिचारा कारण विचारत राहिला, कारण काही त्याला कळलं नाही.

विजापूरला आम्ही दोघंही त्यांच्याबरोबर गेलो. मीटरगेजची गाडी, लाकडी बाकं, खिडकीतून येणारा कोळशाचा कण डोळ्यात. पुण्यतिथी जिथं होती त्या मठाच्या दालनात पंधरा-वीस माणसं होती. पुढं एक गादी रिकामी ठेवली होती, शकूसाठी. चार वाजता कुणीतरी निरोप आणला: प्रकृती बरी नाही, बाई येत नाहीत.

अक्का त्या गादीकडं क्षणभर बघत राहिल्या. मग तानपुरा लावला आणि मुलतानी गायल्या. कशा गायल्या? मला कळलं नाही. मी श्रीनिवासच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यावा म्हणून वळलो, तर तो माझ्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायला वळला होता. दोघांनाही कान नव्हते. मग आम्ही दोघांनी पाहिलं ते गुरूंच्या वेळच्या एका म्हाताऱ्या तबलजीकडं. तो डोक्यावरची टोपी काढून डोळे पुसत होता. तेव्हा आम्हाला कळलं.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, बरं झालं त्या आल्या न्हाईत. तुमाला मोकळं गाता आलं."

"बरं कसलं?" त्या चिडल्याच. "चाळीस वर्षं तिच्यावर जळले, दत्तू. तिला ऐकवायचं म्हणून तर गायले. बाकीचे काय, वाहवा म्हणून जेवायला गेले." मग पदर डोक्यावरून घेत म्हणाल्या, "ज्यांच्यावर जळावं अशी माणसं लई कमी मिळतात रे. आली असती तर पाया पडले असते तिच्या. आणि मनात म्हटलं असतं, मर."

श्रीनिवास एवढा हसला की समोरच्या बाकावरची बाई उठून बसली. मी हसलो नाही. मी माझ्या शेजारच्या हातांकडं बघत होतो, गुडघ्यावर सैल पडलेल्या.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर अक्का धारवाडला भाच्याकडं राहायला गेल्या. जायच्या आधी घरातल्या वस्तू वाटल्या. गाण्याची पेटी एका शिष्येला, तानपुरा दुसरीला. रेकॉर्ड त्यांनी स्वतःच्या ट्रंकेत घातली. आणि मशीन, विजेच्या पेटीसकट, श्रीनिवासला दिलं. "तुला घर बांधायचं आहे, संसार आहे, तुला गाणं कुठं कळतं?" असं मला हसत म्हणाल्या, जसं काही त्याला कळत होतं. मला त्यांनी कपाळाला विभूती लावली. मी पाया पडलो, आणि त्या वाकलेल्या अवस्थेत पोटात तेच जुनं पेटलं. इतकं होऊनसुद्धा. स्वतःची लाज वाटली, पण लाजेनं ते विझलं नाही.

मी श्रीनिवासकडं जायचं बंद केलं. त्याची सायकल दुकानावरून जायची, घंटी वाजायची, मी रेडिओत मान खुपसायचो. असं चार-पाच महिने चाललं. मग पुन्हा ऊन तापायला लागलं.

एके दिवशी दुपारी दीड-दोनच्या सुमाराला तो दुकानापुढं येऊन थांबला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. खाली उतरला नाही, एक पाय जमिनीवर टेकवून तसाच उभा राहिला.

"एक रेकॉर्ड घेतलीय," तो म्हणाला. "चार दिवस झाले. अजून लावली नाही."

"का? मशीन बिघडलं?"

"मशीनला काय झालंय? एकट्यानं ऐकवत नाही. शेजारी बसून कुणी तोंड वाकडं केल्याशिवाय बरोबर लागलीय की नाही, कळतच नाही."

मी सोल्डरची काडी बाजूला ठेवली. शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि त्याच्या मागं कॅरिअरवर बसलो. लोखंड तव्यासारखं तापलेलं होतं. तो म्हणाला, "पंचा घ्या की खाली," आणि गळ्यातला पंचा मागं दिला.

रस्ता निर्मनुष्य होता. झळा मारत होत्या. पुढं चढ लागला तसा तो पेडलवर उभा राहून रेटू लागला, सायकल डगमगली. मी खाली उडी टाकली. तो थांबला नाही, मीही थांब म्हणालो नाही. एक हात कॅरिअरवर आणि एक त्याच्या घामेजल्या पाठीवर ठेवून मी मागून ढकलत पळू लागलो. पोटातलं ते जळणं होतं तिथंच होतं. हात मात्र ढकलत होते, आणि सायकल चढ चढत होती.